ढोलीतली बाळंतीण

माझ्या सासऱ्यांना आडशेतात सगळे गरुडबाबा म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, कारण बाळाजी गुरव म्हणजे ग्रामदेवीचा, मानाईचा गुरव, त्यांच्या वाटेला कोण जाणार? पण पाठ वळली की गरुडबाबा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणसाला काही सिद्धी-बिद्धी असेल. कसली सिद्धी! म्हातारा सकाळी पूजा उरकतो आणि देवळामागच्या राईत जाऊन झाडाखाली बसतो, वर बघत. मान कशी अवघडत नाही देव जाणे. चहा निवतो, भाकरी वाळते, हाका मारून मारून माझा घसा बसतो. आणि शेवटी येतात तेव्हा खांद्यावर पाखराची घाण आणि चेहऱ्यावर असं काही हसू, की भांडायला जमवलेले शब्द माझ्या तोंडातच राहतात. म्हणजे थोडा वेळ राहतात. मग मी भांडतेच.

मी नूतन, त्यांची सून. माझा नवरा स्वप्निल बोर्ली ते दिवेआगर सहा सीटर चालवतो, आणि मी सीझनला दिवेआगरच्या एका घरगुती हॉटेलात मोदक वळायला जाते. आमचं आडशेत समुद्रापासून आत, डोंगराला टेकून. समुद्र दिसत नाही, पण वारा फिरला की खारट वास थेट चुलीपर्यंत येतो.

राई म्हणजे मानाईच्या नावानं सोडलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, आणली तर चूल पेटत नाही म्हणतात. मी पेटवून बघितलेली नाही. दुपारी बाराला आत गेलं तरी उजेड हिरवा असतो, विहिरीत डोकावल्यावर दिसतो तसा. पायाखाली पाचोळा, पाचोळ्याखाली ओल, वैशाखातही ओल. वेली इतक्या जाड की त्यांच्यावर बसून झोके घ्यावेत. वर कुठं तरी शेकरू फांदीवरून फांदीवर जातं आणि फक्त पानं हललेली कळतात. एकदा डाळ चुलीवर ठेवून तात्यांना, म्हणजे सासऱ्यांना, बोलवायला गेले होते, जरा टेकले. पाच मिनिटं टेकले असं मला वाटलं. परत आले तर डाळीचा कोळसा झाला होता. तेव्हापासून मी राईत बसत नाही, उभ्यानंच हाक मारते.

वीस सालच्या वादळात दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमची राई कुणी टीव्हीवर दाखवली नाही. निम्मी मोठी झाडं मुळासकट उपटली गेली. ज्यांच्या ढोलीत गरुड घरटं करायचे अशी पाच झाडं होती, त्यातलं एक उरलं. देवळामागचा बेहडा. तोही वाकला, आणि वाकला तो नेमका देवळाच्या बाजूला.

गरुड हा आमचा शब्द. मृणाली म्हणून एक मुलगी पाखरांची मोजणी करायला आली होती, तिनं सांगितलं की पुस्तकात ह्याला धनेश म्हणतात. काळापांढरा पक्षी, चोच ही एवढी, आणि चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं शिंग. उडतो तेव्हा कुणी तरी वर बसून सूप पाखडतंय असा आवाज येतो. माघ संपता संपता मादी ढोलीत शिरते आणि आतून आपलं दार आपणच लिंपते, शिटेनं आणि फळांच्या गरानं. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. मग तीन महिने नर बाहेरून भरवतो, आणि आत तिची अंडी, तिची पोरं. पोरं उडण्याजोगी झाली की दार फोडून सगळी बाहेर. मृणाली हे सांगत होती आणि तात्या मान डोलवत होते, पोरीला धडा चांगला पाठ झालाय असं बघून मास्तर डोलवतात तशी.

फळं खाऊन नर बिया टाकतो, त्यामुळे बेहड्याखाली दरवर्षी रोपांची मखमल उगवते. उंबर, काजरा, रानजायफळ, काय काय. वादळानं जिथं जिथं खड्डे पाडले तिथं तात्या ती रोपं उचलून नेऊन लावतात. त्यांना कुणी म्हणालं की वा तात्या, राई उभी केलीत, तर रागावतात.

"मी न्हाय लावत. तो लावतो. मी नुसता हमाल."

आता आमच्या घरातलं भांडण सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मानाईला कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी दोन्ही पाकळ्या पडत नाहीत, त्याला कौल अडला म्हणतात. मग पाकळी आपणहून पडेपर्यंत ज्या गोष्टीसाठी विचारलं तिला कुणी हात लावायचा नाही. आजेसासऱ्यांच्या वेळी विहिरीचा कौल अडला होता तर तीन दिवस कुदळी तशाच पडून होत्या. गाभाऱ्यात अंधार, वाव एका माणसाचा, त्यामुळे पाकळी पडते ती गुरवालाच दिसते. तो सांगेल ते गावानं ऐकायचं. एवढा भरवसा.

गुरवाला मात्र स्वतःसाठी जन्मात एकदाच कौल लावता येतो. आणि लावला की त्या दिवसापासून गुरवकी सुटली, ती पोराकडे गेली. म्हणून गुरव शक्यतो तो लावतच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, रंगू, आजारी पडल्या. पोटात गाठ होती. ऑपरेशन करा म्हणाले, आणि त्यातही धोका आहे म्हणाले. स्वप्निल बापापुढे हात जोडून उभा राहिला, म्हणाला, "तात्या, आता तरी लावा तुमचा कौल. आईला न्यायची का न्हाय, देवीलाच विचारा." तात्यांनी मान खाली घातली आणि नाही म्हणाले. कारण नाही, काही नाही. नुसतं नाही. शेवटी आम्हीच ठरवून मुंबईला नेलं, आणि आई तिथंच गेल्या. गाव काय बोलायचं ते बोललं. म्हाताऱ्याला गुरवकी सोडवेना, बायको सोडवली. स्वप्निल त्या दिवसापासून बापाशी कामापुरतं बोलतो. आणि मी? मी जेवायला वाढते, पण ताट जरा आपटूनच ठेवते. आईंनी मला लेकीसारखं वागवलं होतं. कसं विसरायचं?

ह्या वर्षी शिमग्याला मुंबईकर मंडळी आली तीच नकाशा घेऊन. शिवदासशेठ आमच्याच गावचे, नवी मुंबईत ट्रकांचा धंदा, देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. वादळात पत्रे वाटत फिरले होते. नकाशात देवळाला मोठा सभामंडप होता, फरशी, पंखे, आणि कडेला प्रसाद-नारळाचं दुकान. ते दुकान स्वप्निलला देतो म्हणाले. मंडप मागच्या बाजूला, म्हणजे बेहडा जाणार.

"तात्या, झाड अर्धं झुकलंय," शिवदासशेठ म्हणाले. "उद्या पोरंबाळं आरतीला बसलीत आणि वरून आलं तर? कंत्राटदार तयार हाय. पावसाच्या आधी स्लॅब टाकून मोकळे. टेन्शन नको घेऊ, जागी दहा झाडं लावू आपण."

"आत बाळंतीण हाय," तात्या म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मला दुकान दिसत होतं. रोज बोर्लीच्या नाक्यावर पॅसेंजरसाठी ताटकळणारा नवरा दुकानात सावलीला बसलेला दिसत होता. पाखरू काय, दुसरं झाड बघेल.

ठरलं असं, की पंचमीला सकाळी मानाईलाच कौल लावायचा. देवी देईल तो निकाल.

आदल्या दिवशी तात्या जेवायला आले नाहीत. मी रागारागात राईत गेले. म्हटलं, आज चांगली खरडपट्टी काढते. बेहड्याखाली बसलेले. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या मुळावर हात थोपटला. बस म्हणून. काय झालं मला कोण जाणे, बसले.

मग सूप पाखडल्याचा आवाज आला. वरून तो आला, फांदीवर उतरला, मान इकडे तिकडे. गळ्यातून एक उंबर वर काढलं आणि फटीशी धरलं. आतून चोचीचं टोक आलं. नुसतं टोक. फळ घेतलं, आत गेलं. मग दुसरं. मग तिसरं. मी मोजत बसले नाही, पण तो देतच राहिला आणि ती घेतच राहिली, आणि हिरव्या उजेडात माझा राग कुठं गेला ते मला सापडेना. एक फळ निसटून माझ्या मांडीवर पडलं. ऊन लागलेलं, कोमट.

"तुझी सासू सात महिन्यांची व्हती," तात्या एकदम म्हणाले. माझ्याकडे न बघता, वर बघत. "स्वप्निलच्या वेळी. माझी आई तिला माहेरी धाडीना. रंगू रडायची. एक दिवस तिला हितं आणली, जरा बरं वाटल म्हणून. तिनं ती लिंपलेली ढोली बघितली आन् म्हणाली, अगो बाई, ह्या बिचारीला पन कोंडलीय. सोडवा तिला."

"मग?"

"मग काय. बायकोनं सांगितलं. चढलो कोयता घेऊन. दार फोडलं."

मी वर फटीकडे बघितलं.

"ती बाहेर आली. आली म्हंजे पडली. पंखाला पीसच न्हाय गो. आत बसली का पिसं झडतात त्यांची, मला काय ठावं? मला वाटलं, नवऱ्यानं कोंडली. ती आपली आपण बसलेली. घर तिचं, दार तिचं. रंगूनं पदरात घेतली, पाणी पाजलं. दिवस मावळायच्या आत गेली. आन् तो नऊ दिवस येत व्हता, चोचीत उंबर घेऊन. रिकाम्या ढोलीला भरवायचा. खाली उंबरांचा सडा."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. अकरा वर्षं त्या ढोलीत कुणी आलं नाही. अकरा वर्षं हे दोघं नवरा-बायको दर माघात येऊन वर बघून जायचे. मग एका वर्षी आतून चोच दिसली, आणि आईंनी त्या दिवशी गावभर गूळ वाटला. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही. मुलगा पास झाला असेल असं लोकांना वाटलं.

"आता हा बेहडा पाडला तर ती आतच जाईल," तात्या म्हणाले. "पोरांसकट. उडायचं म्हटलं तरी उडता यायचं न्हाय तिला. मी एकदा मारलीय. दुसऱ्यांदा बघवणार न्हाय मला."

मी त्यांना घरी आणलं, पान वाढलं. ताट आपटलं नाही.

पंचमीला सगळं गाव देवळात. तात्या अंघोळ करून ओलेत्यानं गाभाऱ्यात. मी उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन, कारण ते गुरवाच्या घरातल्या बाईचं काम. तिथून मला पाषाण तिरका दिसतो. म्हणजे पाकळी बघणारी माणसं दोन, तात्या आणि मी. बाकीच्यांना दिसते ती तात्यांची पाठ.

खरं सांगते, मला वाटलं म्हातारा खोटं बोलेल. बोलावं असं मला वाटत होतं. काय लागतं? उजवी पडली तरी डावी म्हणायचं. कोण बघायला येतंय?

"आई मानाय," तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "गाव तुझ्या दारात उभं हाय. तुला मांडव बांधायचा म्हणतात. बेहडा उतरवून जागा करायची काय? तुझ्या मनात असल तर उजवी दे."

"व्हय आई," गाव म्हणालं.

उजवी पाकळी लगेच पडली. इतकी लगेच, की पाण्याच्या वजनानंच पडली असेल. टप्. मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. बोला ना, म्हटलं मनात. डावी म्हणा. डावी म्हणा, मेलं काय जातंय.

"उजवी दिली," तात्या म्हणाले. आवाज फाटला होता, पण शेवटच्या माणसाला ऐकू गेला. "देवीचा होकार हाय."

शिवदासशेठनी हात जोडले. पोरांनी घंटा बडवली. माझ्या अंगाची अशी लाही लाही झाली म्हणून सांगू! एवढं आयुष्य पाखरासाठी झुरला हा माणूस, आणि वेळ आली तर एक शब्द खोटा बोलता येईना? काय करायचा असला खरेपणा?

तर तात्या वळले आणि म्हणाले, "घंटा थांबवा. माझा कौल बाकी हाय."

घंटा थांबली. म्हाताऱ्यांना अर्थ कळला, तरुणांना त्यांनी कुजबुजून सांगितला. स्वप्निल खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"माझा एक कौल हाय तो मी आज लावतो. लावला का गुरवकी सुटली, ती स्वप्निलची." मग ते परत पाषाणाकडे वळले. परडीतून दोन पाकळ्या घेतल्या. ह्या वेळी लावायला त्यांना जरा वेळ लागला, पाठीआड दोन्ही हात बराच वेळ हलत होते. वय झालं, म्हटलं, हात कापत असतील.

"आई मानाय, हा कौल मी रंगूच्या दुखण्यालासुद्धा लावला न्हाय. पोराला वाटलं, बापाला गुरवकी प्यारी. पोराचा राग खरा हाय. पन रंगूनं माझा हात धरून सांगितलं व्हतं, माझ्यासाठी घालवू नका, माझं वय झालं. एक जीव आपल्या हातून गेलाय, त्या पाखराच्या जातीवर कधी वेळ आली तर तेव्हा लावा. कुणाला सांगू नका, पोरगा ऐकायचा न्हाय, म्हणाली. तिनं ठेवायला दिलेला कौल हाय हा, आई. आता ढोलीत बाळंतीण हाय. तिचं बाळंतपण होईपर्यंत थांबायचं काय? थांबायचं असल तर उजवी दे."

"व्हय आई" म्हणायचं कुणाला सुचलं नाही. स्वप्निल खांबापाशी खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून. माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर सांडत होतं ते मला कुणी तरी सांगितलं तेव्हा कळलं. तीन वर्षं मी त्या माणसापुढे ताट आपटलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

पाकळ्या पडेनात.

एक तास गेला. दोन तास गेले. तात्या म्हणाले, "या, बघून जा," आणि एकेक जण वाकून बघून गेला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. दुपारी लोक जेवायला गेले, जेवून आले, झोपून आले. पाकळ्या तशाच. शिवदासशेठ दोन दिवस राहिले, मग रजा संपली तसे मुंबईकर गेले. जाताना म्हणाले, "पडली का फोन करा." कौल अडला होता. आता राईत कुऱ्हाड न्यायची कुणाची छाती नव्हती.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तात्यांची बोटं दिसली. टोकं काळी, चिकट. कपाला चिकटत होती. उंबराचा चीक वाळला की असाच काळा पडतो. लहानपणी आमच्या गावची पोरं त्याच चिकानं पाखरं धरायची.

मी बोटांकडे बघितलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चहात साखर कमी हाय," ते म्हणाले.

"आणते," मी म्हटलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता यायचे नाहीत, इतके ते एकमेकांत मिसळून गेलेत. चैत्र गेला. मी मोदकांच्या कामावरून परत आले की घरी न जाता आधी राईत जायची. तात्या सरकून जागा द्यायचे. स्वप्निलनं गुरवकी घेतली, आणि एक दिवस तोही गाडी देवळापाशी लावून मागे आला. बापाशेजारी बसला. वर सूप पाखडलं जात होतं, खाली तिघं जण माना वर करून. निघताना स्वप्निल म्हणाला, "तात्या, मान दुखत न्हाय तुमची?" तीन वर्षांत कामाशिवाय बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पदर तोंडात कोंबला.

वैशाखात आतून पोरांचा आवाज यायला लागला, चिरका, भुकेला. नराची चाललेली धावपळ बघवत नव्हती.

देवळाचा केर मी काढते. एका सकाळी गाभारा झाडताना बघते तर उजवी ठीक होती, पण डावी पाकळी सुटत आली होती. वाळून तपकिरी झाली होती, नुसती एका कडेला लोंबत होती. डावी पडली म्हणजे नकार. थांबायचं नाही. आणि त्याच दिवशी दुपारी शिवदासशेठ कंत्राटदाराला घेऊन येणार होते, कौल अजून अडलाच आहे का बघायला.

तात्यांना सांगावं तर त्यांना ताप होता. स्वप्निल गाडीवर. आणि त्याला सांगून त्याच्यावर पहिल्याच वर्षी असलं काही कशाला?

मी केरसुणी ठेवली. आमच्या परसात उंबर आहे. देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. बोटावर घेतला, गाभाऱ्यात गेले. मानाईपुढे उभी राहिले. देवी काही बोलली नाही. मी म्हटलं, "आई, तूही बाईच आहेस. रागवायचं तर तीन आठवड्यांनी रागव." आणि पाकळी दाबून बसवली. दोन्ही. भरपूर चीक लावला, मला कुठं अंदाज होता?

शिवदासशेठ आले, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. त्यांच्याही परसात उंबर होता लहानपणी. "अजून घट्ट हाय की," म्हणाले. "स्लॅब आता दिवाळीनंतरच." मग जोडे हातात घेऊन मागे राईत गेले, आणि अर्धा तास आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पाखराची घाण होती.

ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात तात्यांनी मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला, मी त्यांना नाही. धावत गेले. दार फुटलं होतं. ती फांदीवर बसली होती, उजेडात डोळे किलकिले करत, अंगावर नवी कोरी पिसं. शेजारी एक पोर. दुसरं ढोलीच्या तोंडाशी, येऊ का नको करत. नर समोरच्या फांदीवरून उंबर दाखवत होता, घेत कुणीच नव्हतं. मग ती उडाली. सूप पाखडल्याचा आवाज राईतून डोंगराकडे गेला, मागोमाग पोरांचा, जरा अडखळत. आम्ही ऐकत राहिलो, काही ऐकू येईनासं झालं तरी.

"रंगू असती तर गूळ वाटला असता," तात्या म्हणाले, आणि रडले. मी पण.

मग आम्ही देवळात गेलो. कौल मोकळा करायला हवा होता. तात्यांनी पाषाणावर पाणी ओतलं. पाकळ्या हलेनात. आणखी ओतलं. नखानं उचकलं. डावी तर पाषाणाचाच भाग झाल्यासारखी. तात्या थांबले. हळूच वळून त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. चीक जाता जात नाही, महिना झाला तरी बोटाच्या कडेला काळी रेघ होतीच.

"एवढा मी न्हवता लावला," ते म्हणाले.

मी हात पदराआड घेतला.

"गावाच्या कौलात मी कधी लबाडी केली न्हाय, नूतन. ह्यात पन न्हाय. ह्यात मी आईला विचारलंच न्हवतं. नुसतं थांब म्हटलं व्हतं."

"मीही तेच म्हटलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. मग दोघांनी मिळून, एकानं पाणी ओतत आणि एकानं खरवडत, उजवी पाकळी आधी काढली.

आता दिवाळीनंतर कंत्राटदार येईल. शिवदासशेठ हल्ली फोनवर म्हणतात की मंडप पुढच्या अंगाला केला तर कसं दिसेल, पण मंडळात बाकीचे आहेत, नकाशा झालेला आहे, आणि देवीचा होकार तर गावानं कानांनी ऐकलाय. काय होईल मी सांगू शकत नाही. माघात ती परत ह्याच ढोलीशी येईल, एवढं तात्या सांगतात.

येऊ दे. गुरव आता स्वप्निल आहे आणि त्याचा एक कौल शिल्लक आहे. काल मी परसातल्या उंबराला दोन घागरी पाणी घातलं.